खूण मागे घेतली तरी नो-बॉल परत येतो, त्याचं काय?

शनिवारी चार नो-बॉल, पुढचा पाय क्रीजच्या रेघेपुढे पडल्याचे. रविवारी सकाळी रन-अपची खूण, म्हणजे बोलर जिथून धावायला निघतो ती जागा, एक पाऊल मागे. पुढच्या शनिवारी एकही नाही. बोलर खूश, कॅप्टन खूश. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच, आणि त्यातल्या एकावर विकेट गेलेली. मग खूण आणखी एक पाऊल मागे.

हे चक्र माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराचं चालू असतं. मी तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोरांना फास्ट बोलिंग शिकवतो. माझं स्वतःचं हेच चक्र सहा-सात सीझन चाललं होतं. सेट झालेला बॅट्समन यष्टिरक्षकाकडे झेल देऊन निघाला, मी हात वर करून धावत सुटलो आणि मागे वळून बघतो तर अंपायरचा हात आडवा. त्या संध्याकाळी मी काय केलं? खूण मागे घेतली.

नो-बॉल क्रीजवर दिसतो, पण बहुतेक वेळा तो जन्माला येतो तिकडे मागे, खुणेपाशी, पहिल्या तीन-चार पावलांत. आणि नेटमध्ये त्याला कुणी नाव ठेवत नाही म्हणून तो आरामात वाढतो. दुखणं नेमकं कुठे आहे ते कसं शोधायचं, हे खाली लिहितो.

आधी ती रेघ समजून घ्या

विचारलं तर दहातली सात पोरं सांगतात, 'सर, रेघेवर पाय असला तर चालतो.' चालत नाही. पॉपिंग क्रीज म्हणजे त्या पांढऱ्या पट्ट्याची स्टंपकडची कड. पुढच्या पायाचा काहीतरी भाग त्या कडेच्या मागे पडायला हवा. टाच हवेत असली तरी चालते, पण ती कडेच्या मागे हवी. अख्खा पाय पट्ट्यावर पडला आणि मागे काहीच उरलं नाही, तर तो नो-बॉल.

दुसरं, पाय जिथे पहिल्यांदा पडतो तेवढंच बघायचं. पडल्यावर तो घसरून पुढे गेला तर हरकत नाही. घसरलेल्या पायाचा ओरखडा बघून 'माझा नो-बॉल होतोय' असं ठरवणारे बोलर मी पाहिलेत. अशाने नसलेल्या रोगावर औषध सुरू होतं.

स्टंपपासून ही कड 4 फूट, म्हणजे 1.22 मीटर पुढे असते. शाळेच्या मैदानावर रेघ फक्कीने हातानेच मारतात, त्यामुळे टेप लावून एकदा खात्री करा. आमच्याकडे एका एंडची क्रीज चक्क अर्धा फूट आत निघाली होती आणि त्या एंडने टाकणाऱ्या पोराला आम्ही महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

नेट हाच मोठा गुन्हेगार

नेटमध्ये काय चालतं ते आठवा. चार बोलर रांगेत, प्रत्येकाच्या हातात चेंडू. आपला चेंडू जिथे सापडला तिथूनच वळायचं आणि धावत सुटायचं. मागे दुसऱ्या नेटची पोरं उभी, त्यामुळे जागा मिळेल तेवढाच रन-अप. अंपायरच्या जागी कुणीच नाही. दीड-दोन फूट पुढे येऊन टाकलेला चेंडू सुद्धा बॅट्समन मुकाट्याने खेळतो. आठवड्याला दोनशे चेंडू असे टाकायचे आणि शनिवारी रेघेच्या मागून चोवीस टाकायचे. पाय ऐकणार कुणाचं?

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या ॲशेस कसोटीत इंग्लंडच्या बेन स्टोक्सने ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉर्नरचा 17 धावांवर त्रिफळा उडवला. रिप्लेत नो-बॉल निघाला. मग टीव्हीवाल्यांनी मागचे चेंडू तपासले, तर त्याच षटकातल्या आधीच्या तीन चेंडूंनाही पाय पुढेच होता आणि अंपायरने एकही दिला नव्हता. नो-बॉल बघायचं तिसऱ्या पंचाचं तंत्र त्या सामन्यात बंद पडलेलं होतं. वॉर्नर पुढे 94 पर्यंत गेला. पहिल्याच चेंडूला कुणी ओरडलं असतं तर स्टोक्सने चौथ्या चेंडूआधी पाय सावरला असता, असं मला वाटतं. आपल्या नेटमध्ये वर्षभर हेच चालू असतं.

तेव्हा पहिला उपाय फुकटातला: नेटमध्ये रेघ आखा आणि प्रत्येक नेटला एक पोरगा अंपायरच्या जागी उभा करा. पुढची पाळी ज्याची, तोच उभा राहील.

बारा चेंडू आणि एक टेप

आता तपासणी. हार्डवेअरच्या दुकानातला 20 मीटरचा टेप, थोडी फक्की, एक वही आणि एक मित्र लागतो. बोलरने सामन्यात टाकतो तसेच, सामन्याच्याच बुटांत, पूर्ण रन-अपने बारा चेंडू टाकायचे. सहा झाले की दोन मिनिटं थांबायचं. मित्राने दर वेळी बघायचं की पुढच्या पायाची टाच पट्ट्याच्या आतल्या कडेपासून किती सेंटिमीटरवर पडली. मागे पडली तर अधिक, पुढे पडली तर उणे. क्रीजच्या आसपास फक्कीचा पातळ थर पसरला की ठसा स्वच्छ उमटतो. फोनने व्हिडिओ काढायचा असेल तर फोन रेघेच्या अगदी सरळ रेषेत, विटेला टेकवून जमिनीलगत ठेवा. तिरका ठेवला तर चार-पाच बोटांचा फरक सहज फसवतो.

बोलरला आकडे मध्येच सांगायचे नाहीत. सांगितलं की तो पाय सांभाळून टाकायला लागतो आणि तपासणी वाया जाते.

माझ्या वहीतली दोन पोरं सांगतो. पहिल्याच्या बाराच्या बारा टाचा रेघेच्या पुढे होत्या, उणे दोनपासून उणे नऊपर्यंत. दुसऱ्याचे चारच नो-बॉल होते, पण आकडे उणे चौदापासून अधिक एकतीसपर्यंत विखुरलेले. कागदावर पहिला पोरगा जास्त आजारी दिसतो. प्रत्यक्षात त्याला काहीच झालेलं नाही. त्याचा पाय सात सेंटिमीटरच्या पट्टीत पडतो, म्हणजे रन-अप घड्याळासारखा चालतो. फक्त घड्याळ पुढे आहे. खूण वीत-सव्वावीत मागे घेतली की काम झालं.

दुसऱ्याचा पसारा 45 सेंटिमीटर. त्याची सरासरी काढली तर ती रेघेच्या मागेच येते, म्हणून खुणेत दोष दिसत नाही. तरी त्याने खूण फूटभर मागे घेतली. आता टाच पडणार अधिक सोळा ते अधिक एकसष्ट या पट्ट्यात. नो-बॉल बंद! पण काही चेंडू रेघेच्या दोन फूट मागून सुटायला लागले. बॅट्समनला वेळ मिळतो, बॅट्समनच्या पायाशी पडणारा यॉर्कर अलीकडे पडून सोप्या हाफव्हॉलीत बदलतो, कोच ओरडतो 'अरे, क्रीज वापर'. पोरगा नकळत शेवटच्या ढांगा लांबवतो. पंधरा दिवसांत पाय परत रेघेवर, पसारा तसाच. नो-बॉल परत येण्याचं कारण हे एवढंच आहे. खूण हलवल्याने सगळा पसारा पुढे-मागे सरकतो, कमी मात्र होत नाही.

टाच रेघेच्या मागे साधारण 12 सेंटिमीटर पडेल असं धरून चाला, म्हणजे पायाचा जवळजवळ निम्मा भाग आत. पसारा वीस-बावीस सेंटिमीटरच्या आत आणला की दोन्ही बाजूंना जागा उरते. त्याहून काटेकोर व्हायच्या भानगडीत मी पोरांना पाडत नाही.

पसारा येतो कुठून

अकरा पावलांचा रन-अप घ्या. प्रत्येक ढांगेत नुसता चार सेंटिमीटरचा फरक पडला आणि तो एकाच दिशेने साठत गेला, तर क्रीजवर 44 सेंटिमीटर होतात. दुसऱ्या पोराचा सगळा पसारा यात आला. आणि ढांगेत सगळ्यात जास्त फरक पडतो तो सुरुवातीला, जेव्हा बोलर धड चालत नसतो आणि धड धावत नसतो.

खुणेपाशी उभं राहून नुसतं बघा. कुणी चेंडू पँटला घासत घासत येतो आणि खूण यायच्या आधीच वळतो. कुणी खुणेच्या मागे उभा राहतो, कुणी पुढे. एका चेंडूला डावा पाय आधी, दुसऱ्याला उजवा. काही जण दोन पावलं रमतगमत चालतात आणि मग सुटतात. ती दोन पावलं कधी दीड मीटरची, कधी दोनची. बोलर म्हणतो, 'सर, मी तर रोज तसाच धावतो.' धावतो तसाच, निघतो मात्र रोज वेगळा.

खात्री करायची असेल तर अजून एक रेघ मारा. बोलरचं चौथं पाऊल जिथे पडतं तिथे फक्की टाका आणि आणखी बारा चेंडू मोजा. चौथ्या पावलालाच वीस सेंटिमीटरचा पसारा दिसला, तर आजार सुरुवातीत आहे. चौथं पाऊल एका जागी पडतंय आणि क्रीजवर मात्र गोंधळ, तर आजार पुढे आहे. त्याचं खाली बोलतो. माझ्या अनुभवात बहुतेकांचा पहिल्या गटात नंबर लागतो. ही रेघ कोचने बघण्यासाठी आहे. बोलरने धावताना तिच्याकडे बघायचं नाही.

सुरुवात दुरुस्त करायला नवीन काही शिकावं लागत नाही. खुणेवर थांबायचं. पूर्ण थांबायचं. राइट-आर्म बोलरने उजव्या पायाचा चवडा खुणेला लावायचा आणि पहिलं पाऊल डावं टाकायचं, दर वेळी डावं. ते पाऊल लहानच हवं, कारण लहान पाऊल पुन्हा तसंच टाकणं सोपं असतं. मग पावलं मोजता येतात: एक डावं, नऊ डावं आणि त्यावर उडी, दहावं उजवं म्हणजे क्रीजमध्ये मागचा पाय, अकरावं डावं म्हणजे पुढचा पाय. पहिलं पाऊल चुकून उजवं पडलं तर उडीचा पाय येत नाही. मग बोलर मध्येच एक अर्धं पाऊल घुसवतो नाहीतर एक ढांग ताणतो. डावखुऱ्याने हे सगळं उलट वाचावं.

चालत येऊन सुरुवात करणाऱ्यांनी चालणं सोडावंच असं नाही. मोठमोठे बोलर चालत येतात. पण मग चालण्याची पावलंही मोजलेली हवीत आणि धावायला लागायची जागाही. बुमराहची ती थबकत येणारी सुरुवात आज प्रत्येक गल्लीत दिसते. त्याची ती सवय हजारो चेंडूंनी पक्की झालेली आहे. तुमची रीलवर बघून परवा लागलेली आहे. आणि त्यालाही रेघेने सोडलेलं नाही. 18 जून 2017, ओव्हल, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. पाकिस्तानचा फखर झमान बुमराहच्या चेंडूवर 3 धावांवर धोनीच्या हाती झेल देऊन निघाला होता, नो-बॉल ठरला, आणि त्याने 114 केल्या. आपण 180 धावांनी हरलो. जयपूरच्या ट्रॅफिक पोलिसांनी तो पाय थेट होर्डिंगवर लावला, झेब्रा क्रॉसिंगची रेघ ओलांडू नका म्हणून. बुमराहला ते लागलं आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं. त्याचं बरोबर होतं असंच मला वाटतं.

सगळंच नव्याने मांडायचं असेल तर

ज्या पोरांनी रन-अप कुणाचा तरी बघून उचललेला असतो, त्यांचा मी मोडून टाकतो. 'किती पावलांचा घेऊ सर?' याला माझं उत्तर असतं, पायांना विचार.

क्रीजवर उभं राहायचं, पण तोंड बाउंड्रीकडे. रेघेला चवडा लावून निघायचं, हळूहळू वेग वाढवायचा, आणि अंगात उडी आली की उडी मारून चेंडू टाकून द्यायचा. समोर ना स्टंप, ना बॅट्समन, ना रेघ. मित्राने पुढच्या पायाची टाच पडेल तिथे काडी खुपसायची. असं दहा वेळा. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात जवळची काडी काढून टाका, उरलेल्या आठांची सरासरी घ्या, त्यात 12 सेंटिमीटर मिळवा. क्रीजपासून तेवढ्या अंतरावर खूण. आता उलट फिरून टाकायला लागा. मोकळ्या मैदानात पाय खोटं बोलत नाही, कारण त्याला चुकवायला रेघच नसते.

माझ्याकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचं हे अंतर बहुधा 13 ते 16 मीटर येतं. यावर पोरं नाराज होतात. त्यांना बाउंड्रीजवळच्या साइटस्क्रीनपासून धावायचं असतं. लांब रन-अपमुळे वेग वाढतो ही समजूत जाता जात नाही. उडीच्या वेळी जो वेग अंगात आहे आणि जो तुमचा पुढचा पाय झेलू शकतो, तेवढाच चेंडूला मिळतो. पुढचा पाय आदळतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो गुडघ्यात वाकला की मागून आणलेला वेग तिथेच सांडतो. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने कारकिर्दीच्या मध्यावर रन-अप छाटला आणि तो 431 कसोटी बळींपर्यंत गेला. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान 2006 मध्ये वूस्टरशरकडून काउंटी खेळून परतला तेव्हा त्याचाही रन-अप आखूड झालेला होता, आणि त्याची चांगली वर्षं त्यानंतरची आहेत.

अंतर ठरलं की टेप पिशवीत टाका आणि नायलॉनची दोरी घ्या. एका टोकाला क्रीज, दुसऱ्या टोकाला गाठ. सामन्याच्या सकाळी दोन सेकंदात खूण लागते. सुतळी घेऊ नका, ओली झाली की तिची लांबी बदलते. पावलं मोजून खूण लावणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही, पण टॉसनंतर छाती धडधडत असताना मोजलेली सतरा पावलं आणि बुधवारी मोजलेली सतरा पावलं एकदा टेपने ताडून बघा.

चौथं पाऊल जागेवर, गोंधळ शेवटी

हा दुसरा गट. यांची नजर पडते रेघेवर. 1982 मध्ये डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब उडी मारणाऱ्यांचा अभ्यास केला होता. धावताना पावलांची चूक साठत जाते आणि शेवटच्या काही ढांगांत खेळाडू डोळ्यांनी फळीचा अंदाज घेऊन ती भरून काढतो, असं त्यात दिसलं. बोलरच्या अंगातही हे असतंच. पण लांब उडीवाल्याला फळीकडे बघायची मुभा आहे. बोलरला बघायचंय बॅट्समनच्या पायाकडे, नाहीतर टप्प्याच्या जागेकडे. मान खाली गेली की डोकं पुढे येतं, ढांग आखडते किंवा ताणली जाते, आणि रेघ बघत बघतच रेघ ओलांडली जाते.

यावर मी करतो ते असं. क्रीजची रेघ पुसून टाकतो. अंदाजे जागा फक्त मला माहीत, बाजूला दोन खिळे ठोकलेले. बोलरने तीस चेंडू टाकायचे, नजर समोरच्या स्टंपवर, आणि पाय कुठे पडला ते मी दर सहा चेंडूंनी एकदाच सांगणार. पहिल्या दिवशी बिचारे कावरेबावरे होतात. आठवड्याभरात मान वर राहायला लागते.

उडीआधी अडखळणं हाही याच घरातला आजार. टेनिस बॉलवर वाढलेल्या पोरांत तो फार. चार-पाच पावलांत हाताच्या झटक्याने चेंडू सोडायची सवय असते, आणि लेदर बॉल हाती आला की मागे दहा मीटर जोडले जातात. धावतो नवा बोलर आणि टाकतो जुनाच. मधल्या सांध्यावर पाय अडखळतात. अशाला आधी तीन पावलांतून, मग पाच, मग सात, असं क्रीजकडून मागे वाढवत न्यावं. दर टप्प्याला दोन-तीन दिवस.

ठरावीक चेंडूलाच पडतो

आकडे लिहिताना शेजारी चेंडूचा प्रकारही लिहा. बाउन्सरला आणि यॉर्करला पाय पुढे जात असेल तर रन-अपला दोष देऊ नका. तो जोर लावण्याचा प्रश्न आहे. वेग वाढवायचा म्हणजे शेवटच्या दोन ढांगा लांबवायच्या, असं शरीर समजून बसलेलं असतं. सरावात सहातला एक चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचा, कोणता ते आधी सांगायचं नाही, आणि सहाही ठसे मोजायचे.

दडपणाखाली तर स्पिनरचाही पाय जातो. 31 मार्च 2016, वानखेडे, टी-ट्वेंटी विश्वचषकाची सेमीफायनल. वेस्ट इंडिजचा लेंडल सिमन्स दोनदा झेलबाद झाला, एकदा अश्विनच्या आणि एकदा हार्दिकच्या चेंडूवर, आणि दोन्ही नो-बॉल. त्याने नाबाद 82 करून 193 चं लक्ष्य गाठून दिलं. अश्विनचा रन-अप तो केवढा! त्या रात्री वानखेडेवर असलेल्यांना अजून तो विषय काढलेला चालत नाही.

तिसऱ्या-चौथ्या ओव्हरनंतर पसारा वाढत असेल तर दम कमी पडतोय. थकल्यावर ढांग आखडते, पाय मागे पडायला लागतो, ते जाणवून बोलर शेवटी ताणतो. इथे एक तर रन-अप दीड-दोन मीटर कमी करा, नाहीतर धावा. तिसरा रस्ता मला माहीत नाही.

मॅट, चिखल, उतार, वारा

जिल्ह्यातल्या मॅटिंग विकेटवर बोलर बहुधा मातीवरून धावतो आणि शेवटी मॅटवर येतो. मॅटची कड आणि खिळे जिथे असतात, तिथे पाय पडू नये म्हणून पोरं नकळत ढांग बदलतात. सामन्याआधी दोन चेंडू तसेच टाकून बघा आणि मागचा पाय मॅटच्या कडेवर येत असेल तर सगळा रन-अप अर्धा फूट सरकवा. खिळा वर आलेला असेल तर आधी तो ठोकायला लावा, टॉस मागाहून.

पावसात मुंबईच्या कांगा लीगसारखी परीक्षा दुसरी नाही. 1948 पासून ही लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते. चिखलात ढांग आखडते हे मान्य करून खूण पाऊलभर पुढे घ्यावी लागते. भुसा टाकायचा तो उडीच्या जागी आणि पुढच्या पायाच्या खड्ड्यात. बाकी रन-अपवर टाकून काही उपयोग नाही, आणि तो स्पाइक्समध्ये भरला की आणखी पंचाईत.

पाणी वाहून जावं म्हणून आपली बरीच मैदानं एका बाजूला उतरती असतात. उतारावरून येताना ढांग लांबते, पाठीवर वारा असला तरी तेच. दोन एंडना दोन खुणा लागतात आणि दोरीला दोन गाठी. कॅप्टनने मध्येच एंड बदलून दिला आणि पहिल्याच चेंडूला नो-बॉल पडला, तर त्यात नवल काही नाही.

नॉन-स्ट्रायकरच्या स्टंपला धक्का लागतो

ही तक्रार कमी येते, पण येते. चेंडू टाकताना बोलरचा गुडघा किंवा हात त्याच्या बाजूच्या स्टंपला लागून बेल पडली तर तो आता नो-बॉल असतो. 2012 मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडच्या स्टीव्हन फिनचा गुडघा असाच लागला, अंपायरने डेड बॉल म्हणजे चेंडू रद्द ठरवला आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथचा घेतलेला झेल वाया गेला. 2013 पासून अशा चेंडूला नो-बॉल धरतात. इथे अंतर मोजू नका, दिशा मोजा. खुणेपासून मागच्या पायाच्या जागेपर्यंत फक्कीची एक सरळ रेघ ओढा आणि दोन्ही पाय तिच्या दोन्ही बाजूंना पडतात का ते बघा. बहुधा बोलर बाहेरून कमानीसारखा येत असतो आणि शेवटी स्टंपात घुसतो. फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे चेंडू सोडल्यानंतरच्या धावेत, पिचवर पळाल्याबद्दल अंपायरची ताकीद मिळणाऱ्यांनीही हीच रेघ ओढावी.

सामन्याच्या दिवशी

वॉर्म-अपमध्ये प्रत्यक्ष खुणेपासून किमान सहा पूर्ण रन-अप घ्या, चेंडू न टाकता धावत जाऊन नव्हे, टाकून. पहिल्या ओव्हरनंतर अंपायरला विचारा, 'सर, पाय कुठे पडतोय?' बहुतेक अंपायर सांगतात. नो-बॉल पडलाच तर त्याच ओव्हरमध्ये खूण हलवू नका. एका चेंडूवरून पसारा आहे की सरकलेलं आहे ते कळत नाही. खुणेवर पूर्ण थांबा, चवडा लावा, पहिलं पाऊल लहान टाका. नो-बॉलनंतरच्या फ्री हिटला हळू धावत येणाऱ्यांचा पुढचा चेंडू वाइड जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधीच दुसरीकडे बघतो.

गुडघा, टाच किंवा कंबर दुखत असताना पाय जागेवर पडत नसेल तर ही सगळी मोजमापं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. दुखऱ्या पायाला वाचवण्यासाठी शरीर ढांग बदलतं, ते दोरीने सुधारणार नाही.

आणि पंधराच्या आसपासची पोरं असतील तर दर दोन महिन्यांनी काड्या खुपसायचा खेळ पुन्हा करा. जूनमध्ये घेतलेलं माप दिवाळीपर्यंत टिकत नाही. पाय लांबलेले असतात आणि पोराला पत्ता नसतो. त्या 45 सेंटिमीटरवाल्याच्या दोरीला आता पाच गाठी आहेत. शेवटचीच खरी, बाकीच्या चार सोडायला तो तयार नाही.